पांढरा पक्षी, भर ऊन आणि हातातून गेलेला हिवाळा



गेल्या आठवड्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा फोन आला. त्याला प्रोजेक्टसाठी किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचे फोटो काढायचे आहेत. त्याचा प्रश्न साधा होता. "ताई, पांढरा पक्षी उन्हात असेल तर एक्स्पोजर वाढवायचं की कमी करायचं? एक जण सांगतो एक स्टॉप वाढव, दुसरा सांगतो एक स्टॉप कमी कर. नक्की कोणाचं ऐकू?"

मी त्याला म्हटलं, दोघांचंही बरोबर आहे. आणि दोघांचं बरोबर का आहे हे मला वेळेवर कळलं नाही, म्हणून माझ्या पीएच.डी.चा पहिला हिवाळा जवळपास वाया गेला.

आजचा लेख त्याबद्दल आहे. तुमच्यापैकी बहुतेक जण पक्ष्यांवर काम करणार नाहीत, मला माहीत आहे. पण कुठलं तरी उपकरण घेऊन मोजमाप तर सगळेच करणार आहात. तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

काय झालं होतं?

हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर कुरव येतात, इंग्रजीत ज्यांना गल म्हणतात ते. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख आणि तिबेटच्या पठारावरच्या सरोवरांकाठी वीण करून इथे येतो. काळ्या डोक्याचा कुरवही येतो. आणि कधीकधी त्यांच्यात मिसळलेला, संख्येने कमी असलेला बारीक चोचीचा कुरव दिसतो. पक्षीनिरीक्षक त्याला 'स्लेंडर-बिल्ड' म्हणतात.

गंमत अशी की हिवाळ्यात काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं काळं नसतंच. ते पांढरं होतं आणि डोळ्याच्या मागे फक्त एक गडद ठिपका राहतो. बारीक चोचीच्या कुरवाचंही डोकं पांढरंच, पण त्याचा ठिपका फिकट राखाडी असतो, कधी अजिबात नसतो. पंखांची नक्षी दोघांची जवळपास सारखी. प्रौढ पक्ष्याच्या डोळ्याचा रंग, चोचीची लांबी आणि कपाळाचा उतार यातही फरक आहेच. पण थव्यात, अंतरावरून, मान वळवलेल्या पक्ष्यात पहिली नजर जाते ती त्या ठिपक्यावर.

माझं काम होतं अलिबागजवळच्या आक्षीसारख्या किनाऱ्यांवर थवे मोजायचे, फोटो काढायचे आणि घरी येऊन फोटोंवरून प्रजाती वेगळ्या करायच्या. कॅमेरा ऑटोवर. डिसेंबर ते फेब्रुवारी भरपूर फोटो काढले. ऊन छान, आकाश निळं, पक्षी पांढरेशुभ्र. मला वाटलं, जिंकलो!

मार्चमध्ये मॅडमना फोटो दाखवायला बसले. त्यांनी एक फोटो मोठा केला आणि विचारलं, "याच्या कानामागचा ठिपका कुठे आहे?"

मी म्हटलं, "नाहीये. म्हणजे बारीक चोचीचा."

त्या म्हणाल्या, "ठिपका नाहीये, की पीसच नाहीये?"

मी नीट पाहिलं. डोकं, मान, छाती, सगळा एकच पांढरा पट्टा. पिसांची एक रेघ दिसत नव्हती. संगणकात त्या भागातला प्रत्येक बिंदू २५५, २५५, २५५. तिथे फिकट ठिपका होता आणि पुसला गेला की मुळात नव्हताच, हे सांगायला काही मार्गच नव्हता. पुढचा फोटो तसाच. त्याच्या पुढचा तसाच.

मीटरला पक्षी माहीत नसतो

आता हे झालं कसं ते बघू.

कॅमेऱ्यातला मीटर पक्ष्यावर किती ऊन पडतंय हे मोजत नाही. पक्ष्यावरून आणि आजूबाजूच्या सगळ्यावरून परत किती प्रकाश येतोय, हे मोजतो. हा फरक फार महत्त्वाचा आहे. कमी प्रकाश परत आला, तर वस्तू काळी आहे की उजेडच कमी आहे, हे त्याला कळत नाही. मग तो एक गृहीतक वापरतो. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे, असं धरून चालतो. पारंपरिक आकडा आहे १८ टक्के परावर्तन. आजचे कॅमेरे चौकटीचे भाग पाडून, पक्ष्याचा डोळा ओळखून बरेच हुशार अंदाज करतात, पण तो अंदाजच असतो.

पांढरं पीस मात्र १८ टक्केवालं नाही. पिसात पांढरा रंग असा नसतोच. पिसाच्या केरॅटिनमध्ये हवेचे बारीक कप्पे असतात, त्यांच्यावर प्रकाश विखुरतो आणि जवळपास सगळ्या लांबीच्या लहरी परत येतात. म्हणून ते पांढरं दिसतं. मीठ किंवा साखर पांढरी दिसते त्याच न्यायाने.

सोयीसाठी धरू की पांढरं पीस ९० टक्के प्रकाश परत पाठवतं. म्हणजे मध्यम राखाडीच्या पाचपट. फोटोग्राफीत प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणं म्हणजे एक 'स्टॉप'. पाचपट म्हणजे साधारण सव्वादोन स्टॉप. तेव्हा योग्य एक्स्पोजरमध्येसुद्धा पांढरा पक्षी मध्यम राखाडीच्या सव्वादोन स्टॉप वर बसलेला असतो, माठ जवळजवळ काठोकाठ. अजून थोडं ओतलं की सांडणारच.

आता दोन प्रसंग घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, आणि मीटर साधी सरासरी काढतो असं धरलंय.

पहिला प्रसंग. एकटा कुरव गडद पाण्यावर उडतोय. चौकटीचा विसावा भाग पक्षी (९० टक्के), बाकी समुद्र (समजा ५ टक्के). सरासरी येते सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास. मीटर म्हणतो, "अरे, अंधार आहे!" आणि सरासरी १८ वर नेण्यासाठी प्रकाश जवळपास दुप्पट करतो. समुद्र छान राखाडी होतो आणि पक्षी एक स्टॉप आणखी वर ढकलला जातो. सांडला. इथे एक्स्पोजर कमी करायला हवं.

दुसरा प्रसंग. फिक्या वाळूवर कुरवांचा दाट थवा. अर्धी चौकट पक्षी (९०), अर्धी वाळू (समजा ४०). सरासरी ६५. मीटर म्हणतो, "केवढा हा उजेड!" आणि प्रकाश साडेतीन पटीने कमी करतो, म्हणजे जवळपास दोन स्टॉप. पक्षी मळक्या धोतरासारखे दिसतात. इथे एक्स्पोजर वाढवायला हवं.

म्हणजे त्या दोन सल्लागारांपैकी एकाच्या डोळ्यासमोर पाण्यावरचा पक्षी होता आणि दुसऱ्याच्या डोळ्यासमोर वाळूवरचा थवा. दोघांनी निष्कर्ष सांगितला, परिस्थिती सांगायची राहिली. रत्नागिरीला गेलात तर हा प्रयोग एकाच गावात करता येईल. मांडवीची वाळू काळसर आणि पलीकडच्या पांढऱ्या समुद्राची वाळू फिकी. तोच पक्षी, तेच ऊन, पण ऑटोवर दोन वेगळी एक्स्पोजर मिळतील.

माझे बहुतेक फोटो पहिल्या प्रसंगातले होते. ओल्या गडद वाळूवर किंवा पाण्यावर सुटे सुटे पक्षी.

सांडलेलं परत का भरता येत नाही?

तुम्ही म्हणाल, संगणकावर उजेड कमी करून बघायचं ना! मीही केलं. पांढऱ्याच्या जागी एकसारखा राखाडी आला, बस.

कारण असं. सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू म्हणजे प्रकाश गोळा करणारी छोटी बादली. ती भरली की भरली. त्यानंतर कितीही प्रकाश आला तरी वाचन तेच. कोकणातल्या पावसात साध्या पर्जन्यमापकाची बाटली भरून वाहू लागली तर दुसऱ्या दिवशी तुम्ही काय लिहिणार? 'कमीत कमी इतका पाऊस पडला' एवढंच. नेमका किती, ते गेलं. संख्याशास्त्रात अशा डेटाला 'सेन्सॉर्ड' म्हणतात. मूल्य एका मर्यादेच्या पलीकडे आहे एवढंच माहीत असतं, पलीकडे कुठे ते माहीत नसतं.

शुभ्र पीस आणि फिकट राखाडी ठिपका, दोन्ही बादल्या भरल्या की दोघांचं वाचन एकच. फरक उरतच नाही.

उलट चूक झाली तर? फोटो काळपट आला तर? तेव्हा बादली अर्धवट भरलेली असते, पण मोजमाप असतं. उजेड वाढवला की तपशील दिसतात, फक्त दाणे दिसतात, म्हणजे नॉइज. त्याचंही गणित आहे. प्रकाशकण मोजताना होणारी अनिश्चितता साधारण त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. १०,००० कण गोळा केले तर अनिश्चितता १००, म्हणजे १ टक्का. फक्त १०० गोळा केले तर १०, म्हणजे १० टक्के. फोटो जितका काळपट, तितकं मोजमाप ढोबळ. नुकसान आहे, पण ते मोजता येतं.

म्हणजे दोन्ही चुका सारख्या नाहीत. एकीत डेटा खराब होतो, दुसरीत तो नाहीसा होतो. शंका असेल तेव्हा कुठल्या बाजूला चुकायचं, हे आधी ठरवून ठेवा. पांढऱ्या पक्ष्याच्या बाबतीत उत्तर आहे, थोडं काळपट.

आणि हो, फार काळपट नको. पंखांच्या काळ्या टोकांतली नक्षी, पाठीच्या राखाडीची छटा, हे सगळंही कुरव ओळखताना लागतं. पाठीची छटा तर अभ्यासक कोडॅक ग्रे स्केलवर आकड्यात मांडतात. तिथे दोन स्टॉप काळपट फोटो उजळून काढलेली छटा कोणी मान्य करणार नाही.

मग करायचं काय?

उपाय सोपा आहे आणि तो एका निरीक्षणावर उभा आहे. पक्षी काळ्या वाळूवरून उडून पांढऱ्या फेसावर गेला तरी त्याच्यावर पडणारं ऊन बदलत नाही. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे. पक्षी दहा मीटरवर असो की शंभर, त्याला काय फरक पडतो? बदलते ती मागची चौकट. मग चौकट बघून ठरवणाऱ्या मीटरला विचारायचंच कशाला? एक्स्पोजर एकदा उन्हासाठी ठरवा आणि मॅन्युअल मोडमध्ये तसंच ठेवा.

सुरुवातीचा आकडा कुठून आणायचा? फिल्मच्या काळातला एक नियम आहे, 'सनी सिक्स्टीन'. स्वच्छ उन्हात एफ/१६ ठेवा आणि शटर स्पीड ठेवा एक भागिले आयएसओ. आयएसओ ४०० असेल तर १/४०० सेकंद. एफ/१६ वरून एफ/८ वर आलात तर प्रकाश चौपट, म्हणून शटर चौपट वेगवान, १/१६००. पांढऱ्या पक्ष्यासाठी आणखी एक स्टॉप कमी, १/३२००. म्हणजे आयएसओ ४००, एफ/८, १/३२००. उडणारा पक्षी गोठवायलाही हा वेग पुरतो.

माझी आताची पद्धत अशी:

१. किनाऱ्यावर पोचल्यावर वरचे आकडे लावायचे. फाइल रॉ स्वरूपात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४.

२. उन्हात समोरून उजळलेल्या सगळ्यात पांढऱ्या पक्ष्याचा एक फोटो घ्यायचा. कॅमेऱ्यात हायलाइट अलर्ट सुरू ठेवायचा, म्हणजे सांडलेला भाग पडद्यावर लुकलुकतो. लुकलुकत नसेल तर एक तृतीयांश स्टॉपने वाढवत जायचं. छाती लुकलुकायला लागली की एक पायरी मागे यायचं.

३. हिस्टोग्राम तिन्ही रंगांचा वेगळा बघायचा. सकाळच्या पिवळसर उन्हात लाल रंगाची बादली आधी भरू शकते, आणि एकत्रित आलेखात ते लपतं. हिस्टोग्राम आणि लुकलुकणं दोन्ही साधारणपणे जेपेगवरून काढलेले असतात. रॉमध्ये थोडी जागा जास्त असते, पण त्या जागेवर विसंबायचं नाही. ती अडीअडचणीची शिल्लक समजा.

४. त्याच उन्हात १८ टक्के राखाडी कार्डाचा एक फोटो. नंतर छटा तपासायला हाच आधार.

५. ढग आला, सूर्य वर चढला, किंवा अर्धा तास झाला की पायरी २ आणि ४ पुन्हा. वेळ आणि बदललेले आकडे वहीत.

६. पक्ष्यांच्या मागे धावायचं नाही. दूरून स्थलांतर करून आलेला थवा विश्रांती घेत असताना फोटोसाठी उडवणं वाईटच, शिवाय उडालेल्या थव्याची मोजणीही बिघडते.

कॅमेऱ्याच्या बाहेरच्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट, वेळ. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी तुम्ही समुद्राकडे बघत उभे राहिलात की सूर्य पाठीमागे आणि ऊन थेट पक्ष्यावर. संध्याकाळी सगळं उलटं. उन्हं तिरपी असतात तोवर, साधारण साडेनऊ-दहापर्यंत, काम उरकायचं. दुपारी ऊन डोक्यावर आलं की पाठ चकाकते आणि पोट सावलीत जातं. एकाच पक्ष्यात दोन टोकं, बादलीत मावणार कशी? त्यात वाळू तापली की हवा थरथरते आणि पिसांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. त्या थरथरीवर भारी लेन्सचाही इलाज नाही.

दुसरी गोष्ट, भरती-ओहोटी. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊण म्हणजे सहा. सहाला भरती, म्हणजे आठ-नऊला पाणी उतरतंय, पुळण मोकळी होतेय, आणि ऊनही पाठीशी. माझ्या दुसऱ्या हिवाळ्याचे दिवस मी कॅलेंडरवर असेच निवडले. सरकारी भरतीच्या तक्त्याशी पडताळून घ्या, पण नियोजनाला हा हिशोब छान चालतो.

पहिल्या हिवाळ्याचं काय झालं?

त्या फोटोंचं काय करायचं, यावर आमची बरीच चर्चा झाली. माझी पहिली इच्छा अशी होती की ठिपका दिसत नाही ते सगळे बारीक चोचीचे धरावे. खरं सांगते, मोह मोठा होता. त्या किनाऱ्यावर कमी दिसणाऱ्या पक्ष्याची संख्या एकदम वाढली असती, आणि सेमिनारमध्ये ती स्लाइड भारी दिसली असती.

मॅडमनी एकच प्रश्न विचारला. "ऊन कमी असलेल्या दिवशी तुझे बारीक चोचीचे किती?"

मी तक्ता काढला. ढगाळ सकाळी जवळपास शून्य, लख्ख उन्हात भरपूर. पक्षी काही ढग बघून प्रजाती बदलत नाहीत! मी पक्षी मोजत नव्हते, माझ्या कॅमेऱ्याची चूक मोजत होते. ती चूक अशी होती की कडक उन्हात एका प्रजातीचा पक्षी दुसऱ्या प्रजातीत जाऊन बसत होता. नुसता गोंधळ असता तर जास्त फोटोंनी सरासरीत निघून गेला असता. पण ही एकाच दिशेची चूक होती, आणि अशी चूक जास्त डेटा घेऊन कमी होत नाही. उलट जास्त ठाम वाटायला लागते.

शेवटी डोक्याचा भाग सांडलेल्या आणि दुसरी कुठली खूण न दिसणाऱ्या सगळ्या पक्ष्यांसमोर 'अनिश्चित' लिहिलं. त्या हिवाळ्याची एकूण संख्या राहिली, प्रजातीनिहाय विभागणी गेली. प्रबंधात तो रकाना तसाच जाणार आहे, कारणासकट.

त्यातून मी एक सवय लावून घेतली आहे, ती तुम्हाला देते. कुठल्याही उपकरणाला पहिल्या दिवशी तीन प्रश्न विचारा. हे नक्की काय मोजतं, आणि मला काय मोजायचंय? याने मनात काय गृहीत धरलंय? आणि याची बादली भरली तर मला कळणार कसं? स्पेक्ट्रोफोटोमीटर असो, माइक रेकॉर्डर असो, मातीतला सेन्सर असो, प्रश्नावलीतली १ ते ५ ची पट्टी असो, हे तिन्ही प्रश्न लागू पडतात. सगळ्यांनीच ५ ला खूण केली, तर तीही भरलेली बादलीच.

आणि पहिला पूर्ण दिवस मोजणी करू नका. चाचणी घ्या, त्याच संध्याकाळी डेटा उघडून शंभर टक्के मोठा करून बघा. मी हे डिसेंबरच्या पहिल्या रविवारी केलं असतं तर मार्चमध्ये ती वेळ आली नसती.

समुद्र जवळ नसेल तर आजच घरी करून बघा. दुपारी गच्चीवर एक पांढरा रुमाल आधी उघड्या काळ्या छत्रीवर ठेवा, मग पांढऱ्या चादरीवर. दोन्ही फोटो ऑटोवर काढा, मोबाइलवर काढलेत तरी चालेल. मग रुमालाची वीण कुठल्या फोटोत दिसते ते मोठं करून बघा. नंतर एक्स्पोजर हाताने ठरवून तेच दोन फोटो पुन्हा काढा. पाच मिनिटांचं काम आहे, पण मीटर तुमच्याशी कसा बोलतो ते कायमचं कळेल.

पुढच्या लेखात 'अनिश्चित' रकान्याचं विश्लेषणात काय करायचं, ते बघू. तो सोडून द्यायचा की मोजणीत धरायचा, यावर माझंही अजून शिकणं चालू आहे.

तोवर, अष्टमी कधी आहे ते बघून ठेवा.